चार ब्रुअरीज उघडल्या, म्हणजे प्रदेश बिअरचा झाला का?

प्रश्न असा आला आहे: “आमच्या भागात तीन वर्षांत चार छोट्या ब्रुअरीज उघडल्या. दोन बऱ्या चालल्यात, एक कशीबशी, चौथीचं अजून कळत नाही. एखादा प्रदेश छोट्या ब्रुअरीजच्या बिअरसाठी, म्हणजे क्राफ्ट बिअरसाठी, नावाजला जातो तो नेमका कशामुळे? आमचा होईल का? आणि पाचवी ब्रुअरी मी काढावी का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी माझाच एक प्रश्न: त्या चारपैकी कुठला ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, पूर्वी उरलेल्या तिघांपैकी कुणाकडे कामाला होता?

बावीस वर्षं मी बिअर बनवतोय. पाच ब्रुअरीजमध्ये काम केलं, त्यातल्या दोन आज नाहीत. नव्या भागात गेलो की तिथे किती ब्रुअरीज आहेत हे विचारत नाही, वरचाच प्रश्न विचारतो. चौघे आपापला पैसा घालून, आपापलं वाचून, एकमेकांकडे पाठ करून उभे असतील, तर त्या चार ब्रुअरीज आहेत, बस. पण पहिलीत केग (बिअरची पिंपं) धुतलेला, उकळत्या वॉर्टने (आंबवण्याआधीच्या गोड काढ्याने) हात पोळलेला एखादा बाहेर पडला आणि त्याने चौथी काढली, तर त्या भागात काहीतरी सुरू झालंय.

अमेरिकेत ओरेगन राज्यातलं बेंड हे याचं सरळ उदाहरण. लाकडाच्या गिरण्यांवर जगणारं गाव. गिरण्यांना उतरती कळा लागलेली असताना १९८८ मध्ये गॅरी फिश यांनी तिथे डेशूट्स ब्रुअरी काढली. सुरुवातीला ओळीने कित्येक बॅच बिघडल्या, ओतून द्याव्या लागल्या. तरी ती तगली, वाढली, आणि मग तिथली माणसं बाहेर पडू लागली. टोनी लॉरेन्स यांनी बोनयार्ड काढली, डेशूट्सचे मुख्य ब्रुअर राहिलेले लॅरी सायडर यांनी २०१२ मध्ये क्रक्स, पॉल आर्नी यांनी लाकडी पिंपांत आंबवणारी एल अपोथेकरी. असा माणूस स्वतःचं दुकान मांडतो तेव्हा बिअर कुठे कुठे दगा देते हे त्याला दुसऱ्याच्या पैशाने कळलेलं असतं. शिकवणीचा खर्च पहिलीने केला, फळ गावाला मिळालं. डेशूट्सच्या मालकांना प्रत्येक राजीनाम्याच्या दिवशी हे असंच वाटलं असेल असं नाही. मी स्वतः मालक असताना माझा सगळ्यांत चांगला हात निघून गेला तेव्हा आठवडाभर मी कुणाशी धड बोललो नव्हतो.

गंमत म्हणजे पहिली ब्रुअरी बुडाली तरी चालतं. तिची माणसं आणि तिचं सामान त्या भागात राहिलं पाहिजे. कॅलिफोर्नियात सोनोमाला जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये न्यू अल्बियन काढली. जुन्या डेअरीचं सामान आणि सरबताचे ड्रम जोडून उभी केलेली ही ब्रुअरी. एका खेपेला दीड बॅरल, म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास बिअर निघायची. इतक्या लहान खेपेवर धंदा बसत नाही, कारण दीड बॅरलला जेवढी मेहनत लागते तेवढीच दहा बॅरललाही लागते. १९८२ मध्ये ती बंद पडली. पण तिची भांडी, तिचं बिअर आंबवणारं यीस्ट आणि तिथे काम केलेले डॉन बार्कली हे सगळं जवळच्या हॉपलंडला गेलं आणि १९८३ मध्ये तिथे मेंडोसिनो ब्रुइंग सुरू झाली. न्यू अल्बियनचा हिशेब कागदावर तोट्याचा, प्रदेशाच्या हिशेबात तसा नाही.

यीस्टचा उल्लेख आलाच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला हे सहसा दिसत नाही.

माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) विकत मिळतो, हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) विकत मिळतात. यीस्टही प्रयोगशाळेतून मिळतं, पण ते महाग, आठवडा-दोन आठवडे आधी सांगावं लागतं, आणि वाटेत तापलं तर निम्मं मरतं. एका आंबवणीत यीस्ट कित्येक पटींनी वाढतं. टाकीच्या निमुळत्या तळाशी ते घट्ट ताकासारखं साचतं. त्यातलं थोडं पुढच्या बॅचला लागतं, बाकी सगळं गटारात. म्हणजे शेजाऱ्याकडे ओतून द्यायला निघालेली वस्तू तुमच्या उद्याच्या बॅचचा जीव असते. दोघांत बोलणं असेल तर सकाळी फोन जातो, “आज काढतोयस का?” आणि दुपारी अर्धं भरलेलं केग गाडीत घालून आणलं जातं. थंड ठेवायचं, दोन-तीन दिवसांत वापरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मेथिलीन ब्लू टाकून बघायचं. निळ्या पेशी मेलेल्या, बिनरंगी पेशी जिवंत. दहात एकाहून जास्त निळ्या दिसल्या तर मी ते यीस्ट घेत नाही.

एकदा मी केग नीट बंद केलं. फारच नीट. यीस्ट थंड होतं तरी झोपलेलं नव्हतं. वायू सुटायला वाट ठेवली नव्हती, आणि घरी पोचल्यावर झाकणाला हात लावताच अख्खी गाडी आतून पांढुरकी झाली. पुढचा उन्हाळाभर तिला शिळ्या पावाचा वास येत होता. यीस्ट देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, शिवाय वायू सोडणारी एक झडप दिली. ती झडप अजून माझ्याकडे आहे.

अशा देवाणघेवाणीतून एखाद्या भागाची चव कशी घडते, ते व्हरमाँटमध्ये स्पष्ट दिसतं. अमेरिकेच्या ईशान्येचं हे छोटं राज्य. ग्रेग नूनन यांनी आधी काही वर्षं कायदा बदलून घेण्यासाठी खेटे घातले आणि मग १९८८ मध्ये बर्लिंग्टनला व्हरमाँट पब अँड ब्रुअरी उघडली. त्यांच्या हाताखाली जॉन किमिक शिकले. नूनन यांच्याकडचं मूळ इंग्लिश वळणाचं यीस्ट घेऊन किमिक यांनी २००३ मध्ये वॉटरबरीला द अल्केमिस्ट सुरू केली. ते यीस्ट पिकलेल्या पीचसारखा वास देतं आणि पटकन तळाशी बसत नाही, त्यामुळे बिअर गढूळ राहते. त्यांची हेडी टॉपर ही बिअर त्याच यीस्टची. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने त्यांचा पब वाहून नेला, आणि त्याच आठवड्यात गावातल्या उंचावरच्या नव्या कारखान्यात डबे भरायला सुरुवात झाली. गढूळपणा हा तोवर दोष समजला जाई. स्पर्धेत अशी बिअर ठेवली असती तर परीक्षकांनी नाक मुरडलं असतं. पुढे शेजारपाजारच्या ब्रुअरीजनी तीच वाट धरली, आणि २०१८ मध्ये ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकी ब्रुअरांच्या संघटनेने या गढूळ, रसाळ आयपीएला (आयपीए म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली बिअर) वेगळा प्रकार म्हणून आपल्या यादीत जागा दिली. तीस वर्षं लागली. एक कायदा, एक यीस्ट, एक चेला. कुठल्याही पर्यटन खात्याने बैठक घेऊन ही चव ठरवलेली नव्हती.

आता कायद्याकडे येतो. यावर लोक फार बोलतात, आणि बोलावंच, पण अर्धीच गोष्ट सांगतात.

कर आणि परवान्याची किमान मर्यादा, या दोन खिळ्यांवर सगळं टांगलेलं असतं. अमेरिकेने १९७६ मध्ये छोट्या ब्रुअरीजच्या पहिल्या ६० हजार बॅरलवरचा केंद्रीय कर बॅरलमागे ९ डॉलरवरून ७ वर आणला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवणं मोकळं झालं, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन. ओरेगनने १९८५ मध्ये बनवणाऱ्याला त्याच जागी पेला भरून विकायची मुभा दिली. त्यासाठी पोर्टलंडच्या मॅकमेनामिन आणि विडमर बंधूंसारख्या नवख्या लोकांनी एकत्र येऊन विधिमंडळाची पायरी झिजवली होती. ब्रिटनने २००२ मध्ये वर्षाला ५ हजार हेक्टोलिटरपर्यंत बिअर काढणाऱ्यांचा कर निम्मा केला आणि तिथे ब्रुअरीज झपाट्याने वाढल्या. मोठ्या कारखान्याला एका लिटरमागे जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट छोट्याला येतो. करातली सूट ती दरी बुजवत नाही, थोडी अरुंद करते. तेवढ्यानेही माणसं उडी मारतात.

पण जपान बघा. १९९४ पर्यंत तिथे बिअरचा परवाना हवा तर वर्षाला किमान २० लाख लिटर काढायची अट होती. ती एकदम ६० हजार लिटरवर आणली. पाच-सहा वर्षांत तीनशेच्या आसपास ब्रुअरीज उभ्या राहिल्या. ‘जीबीरू’, म्हणजे स्थानिक बिअर, हा शब्द सगळीकडे झाला. आणि मग लाट ओसरली, कित्येक बंद पडल्या. बिअर महाग होती आणि बऱ्याच ठिकाणी साधारण होती. प्रवासी आठवण म्हणून एक बाटली घ्यायचे, दुसरी घ्यायला परत यायचे नाहीत. माझ्या मते खरी गोम अशी की जपानमध्ये एक टक्क्याहून जास्त मद्यार्काची बिअर घरी बनवणं बेकायदाच राहिलं. दार उघडलं, पण दाराबाहेर दहा वर्षं स्वयंपाकघरात हात काळे केलेली माणसं उभी नव्हती. अमेरिकेत ती होती. सॅन डिएगोत १९९२ मध्ये होम ब्रू मार्ट नावाचं घरगुती ब्रुअरांना सामान विकणारं दुकान निघालं, त्याच्या मागच्या खोलीत १९९६ मध्ये बॅलास्ट पॉइंट जन्माला आली, आणि याच वर्तुळातल्या ख्रिस व्हाइट यांनी १९९५ मध्ये व्हाइट लॅब्ज ही यीस्टची प्रयोगशाळा काढली. त्या शहरात १९८९ पासून कार्ल स्ट्रॉसची ब्रुअरी होतीच, आणि तिथे शिकलेले ब्रुअर पुढे शहरभर पसरले. दुकान, प्रयोगशाळा, शाळा म्हणावी अशी एक ब्रुअरी, हे सगळं एकाच शहरात. कायदा यातलं काही निर्माण करत नाही. जपानमधल्या ज्या ब्रुअरीज त्या पडझडीतून तरल्या त्यांनी नंतर अप्रतिम बिअर काढली, हेही सांगितलं पाहिजे. पण मधली पंधरा वर्षं गेलीच.

तुमच्या भागात घरी बनवणारे किती आहेत, त्यांची मुभा काय आहे, हे चार ब्रुअरीजच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त भांडलोय तिच्याकडे येतो: खराब पेला.

मोठ्या कंपनीची बाटली कुणाला बेचव लागली तर तो म्हणतो, ही अमुक कंपनी मला आवडत नाही. पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर पिणाऱ्याला तुमच्याकडे आंबट, लोण्याच्या वासाची बिअर मिळाली तर तो तुमचं नाव लक्षातसुद्धा ठेवत नाही. तो म्हणतो, ही क्राफ्ट बिअर म्हणजे असलीच असते. म्हणजे तुमच्या चुकीचं बिल शेजाऱ्याने भरायचं. म्हणून शेजाऱ्याची बिअर चांगली असणं हा तुमचा स्वार्थ आहे. ही गोष्ट पटायला मला सहा वर्षं लागली.

आम्ही पाच ब्रुअर महिन्यातून एकदा भेटत असू. प्रत्येकाने चालू टाकीतली एक बाटली कागदात गुंडाळून आणायची, नाव झाकून, आणि सगळ्यांनी चाखून तोंडावर बोलायचं. एका मंगळवारी पहिलाच घोट घेऊन समोरचा म्हणाला, “हे लोणी कुणाचं आहे?” बाकीचे हसले. मीही हसलो. बाटली माझी होती. मला स्वतःला तो वास आला नव्हता, कारण आठवडाभर त्याच बिअरमध्ये वावरल्यावर नाक बधिर होतं. आणि चूक कुठे झाली हे मला तत्क्षणी कळलं. केगची मागणी खोळंबली होती म्हणून मी टाकी दोन दिवस आधी थंड केली होती.

याला डायअसेटिल म्हणतात. आंबताना यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकतं, त्याचं हळूहळू डायअसेटिल होतं, आणि यीस्ट जागं असेल तर तेच ते परत शोषून घेतं. त्याला अठरा-वीस अंशांवर दोन-तीन दिवस निवांत राहू द्यावं लागतं. घाईने थंड केलं की यीस्ट झोपतं, पूर्वद्रव्य तसंच राहतं. त्या क्षणी बिअर चाखली तर स्वच्छ लागते. तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या पेल्यात लोणी येतं. यावरची चाचणी इतकी साधी आहे की ती न करणाऱ्याला माफी नाही. दोन बरण्या घ्या, दोन्हीत टाकीतली बिअर. एक झाकून साठ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, दुसरी बाहेर. मग दोन्ही थंड करून हुंगा. गरम केलेलीत लोण्याचा वास आला, तर टाकी अजून तयार नाही, मागणी कुणाचीही असो. त्या मंगळवारनंतर ही चाचणी केल्याशिवाय मी एकही टाकी थंड केलेली नाही. ती सगळी बॅच ओतली. बाराशे लिटर. ओतताना फेस गटाराच्या जाळीतून वर येत होता आणि मी खराट्याने तो ढकलत होतो.

टाकीतून चांगली निघालेली बिअर वाटेतही मरते. केगपासून तोटीपर्यंतच्या नळीत थर धरतो, त्यात लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जंतू घर करतात, बिअर आंबट आणि लोण्याच्या वासाची होते. दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवून नळी धुवावी, तोटी सुटी करून घासावी, तीन महिन्यांतून एकदा आम्लाने आतले खडे काढावेत, असा नियम आहे. प्रत्यक्षात बारवाल्याला वाटतं ब्रुअर करेल, ब्रुअरला वाटतं बारवाला करेल. एका बारमध्ये दोन महिने नळीला कुणी हात लावला नव्हता. माझीच बिअर तिथे प्यालो आणि ओळखली नाही. तेव्हा आम्ही तिघांनी मिळून एक माणूस नेमला. त्याचं काम एकच: सगळ्या बारमध्ये फिरून नळ्या धुणं, कुणाचीही बिअर असो. जाहिरातीवर जो काय खर्च आम्ही तोवर केला होता त्या सगळ्यापेक्षा त्या माणसाच्या पगाराने जास्त बिअर खपवली असं माझं ठाम मत आहे.

ताजेपणाचा मुद्दा याच्याच पोटात आहे. ब्रुअर लोकांत ३-३०-३०० असा एक ठोकताळा चालतो: बिअरचं ३२ अंशांवर तीन दिवसांत जेवढं नुकसान होतं तेवढं २२ अंशांवर तीस दिवसांत आणि ३ अंशांवर तीनशे दिवसांत होतं. हॉप्सचा वास तर याहून नाजूक. भरताना डब्यात थोडाही प्राणवायू शिरला तर महिनाभरात रसाळ आयपीए ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मोठ्या कंपनीकडे पैसा आहे, प्रयोगशाळा आहे, जाहिरात आहे. परवा भरलेलं केग आज गावात लावणं मात्र तिला परवडत नाही. छोट्या ब्रुअरीचा हा एकच हुकमी पत्ता, आणि दूरच्या बाजारात माल पाठवायला लागलं की तो आपणच फेकून देतो. बॅलास्ट पॉइंट २०१५ मध्ये एक अब्ज डॉलरला विकली गेली आणि देशभर गेली. २०१९ मध्ये नव्या मालकांनी ती एका फार छोट्या ब्रुअरीला विकून टाकली. कारणं अनेक असतील. पण घराजवळची बिअर म्हणून जिचं मोल होतं ती दोन हजार मैलांवरच्या फडताळात आणखी एक डबा होते.

पाण्याबद्दलही विचारलं जातं. इंग्लंडमधल्या बर्टन ऑन ट्रेंटच्या जिप्समच्या पाण्याने पेल एल ही कडू बिअर घडली, चेक प्रदेशातल्या पिल्झेनच्या मऊ पाण्याने फिकी लागर बिअर, हे खरं. पण आज कुठलंही पाणी गाळून कोरं करता येतं आणि हवे ते क्षार मोजून घालता येतात. ‘आमच्या पाण्याची चव’ हे बहुतेक वेळा लेबलवरचं वाक्य असतं. हॉप्सचं तसं नाही. ओरेगनच्या संशोधन केंद्रात वाढवलेला कॅस्केड हॉप १९७२ मध्ये बाहेर आला. युरोपीय सवयीच्या लोकांना त्याचा मोसंबीसारखा वास उग्र वाटे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीने पेल एलमध्ये तो मोकळ्या हाताने घातला, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या बिअरचा वास ठरला. इटलीत उलटं झालं. हॉप्स जर्मन, प्रकार जर्मन वळणाचा, पण ऑगोस्तिनो आरिओली यांनी १९९६ मध्ये टिपोपिल्स ही बिअर काढताना तयार होत आलेल्या पिल्सनरमध्ये (पिल्झेनच्या धर्तीच्या फिक्या लागरमध्ये) कोरडे हॉप्स घातले, जे जर्मन ब्रुअरने सहसा केलं नसतं. आता जगभर त्याला इटालियन पिल्सनर म्हणतात. प्रादेशिक चव अशी येते: हाताशी काय आहे, आणि कुणाचा नियम मोडायची तुम्हाला भीती वाटत नाही, यातून. ती शेवटी येते. पहिल्या वर्षीच ‘आपल्या मातीची बिअर’ म्हणून काहीबाही घालणाऱ्यांची आधी साधी पेल एल मागवून चाखावी. ती चुकलेली असेल तर बाकीचं झाकण आहे.

सांडपाण्याचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. एक लिटर बिअरमागे छोटी ब्रुअरी सहज सात-आठ लिटर पाणी वापरते, आणि जे बाहेर जातं त्यात साखर, यीस्ट आणि कॉस्टिक असतं. घरगुती सांडपाण्याच्या दसपट ताकदीचा हा मळ छोट्या गावाच्या शुद्धीकरण केंद्राला झेपत नाही. एक ब्रुअरी असते तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. पाचवी येते तेव्हा नोटीस पाचांनाही येते. माल्टच्या चोथ्याचं सोपं आहे. शंभर लिटरमागे वीस किलो ओला चोथा निघतो, गुरं आवडीने खातात. फक्त उन्हाळ्यात तो त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे, नाहीतर संध्याकाळी शेजारी दारात उभे.

ब्रुअर एकमेकांना मदत करतात याची गोड चित्रं रंगवली जातात. काही खरी आहेत. २००८ च्या हॉप्सटंचाईत बोस्टन बिअर कंपनीने आपल्या साठ्यातले २० हजार पौंड हॉप्स छोट्यांना खरेदीच्या भावाने दिले. रशियन रिव्हर आणि एव्हरी या दोन ब्रुअरीजच्या बिअरचं नाव एकच निघालं, ‘सॅल्व्हेशन’, तर वकील गाठण्याऐवजी त्यांनी दोन्ही बिअर मिसळून २००६ मध्ये नवी काढली. पण भर असताना उदार होणं सोपं असतं. अमेरिकेत २०२४ मध्ये उघडलेल्या ब्रुअरीजपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या, जवळपास वीस वर्षांत असं झालं नव्हतं. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी हात दिलेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये मोठ्या मालकाच्या ताब्यात असताना बंद झाली. अशा दिवसांत कोण कुणाला यीस्ट देतो, ते बघायचं.

तर तुमचा भाग. चार ब्रुअरीज, तीन वर्षं. इतक्या लवकर काही सांगता येत नाही, पण खुणा बघता येतात. चौघांपैकी कुणी दुसऱ्याच्या टॅपरूममध्ये (ब्रुअरीतल्या बैठकीच्या खोलीत) बसून पितो का? एकाचा पंप जळाला तर दुसऱ्याचा मिळतो का? एकाची बिअर बिघडली तर तोंडावर सांगणारा कुणी आहे का? यातल्या दोनांना ‘हो’ असेल तर कशीबशी चालणारी तिसरी बंद पडली तरी फार घाबरू नका.

आणि पाचवी? आत्ता काढू नका. चारपैकी जिची साधी बिअर तुम्हाला सगळ्यांत निर्दोष वाटते तिथे जाऊन वर्षभर काम मागा. पगार कमी मिळेल. पहिले तीन महिने केग धुवाल, मग चोथा उपसाल, मग कधीतरी टाकीला हात लावू देतील. मालकाला पहिल्याच दिवशी सांगा की पुढे स्वतःची काढायचा विचार आहे. त्यावर तो हसून “मग हॉप्सच्या करारापासून शिक, तिथेच सगळे फसतात” असं काही म्हणाला तर तिथे राहा. दार दाखवलं तर दुसऱ्याकडे जा, आणि कुणी दार दाखवलं हे लक्षात ठेवा. यीस्ट मागायची वेळ येईल तेव्हा कुणाला फोन करायचा नाही, ते तुम्हाला ठाऊक असेल.